पाठीवरची भेग

१

शनिवारी सकाळी पुलाच्या पाठीवर भेग सापडली. सोमवार उजाडेपर्यंत अख्ख्या चिकलठाण्यानं निकाल देऊन टाकला होता : पोरीनं पूल पातळ केला, म्हणून फाटला.

पोरगी म्हणजे तनुजा. कन्नडजवळच्या शेतकरी घरातली, पुलांचे आकार काढणारी इंजिनिअर. आणि पूल म्हणजे नाल्यावरचं काँक्रीटचं एक कवच. मधे खांब नाही, खाली तुळई नाही. उपडं घातलेलं खापर असावं तसं दोन्ही अंगांनी वळलेलं, चार कोपऱ्यांवर टेकलेलं. मधोमध जाडी किती, तर चार बोटं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया अलीकडच्या कारखान्यांत कामाला होत्या आणि पावसाळ्यात नाला भरला की त्यांचा खाडा ठरलेला. म्हणून काही कारखानदारांनी एकत्र येऊन पायी चालायचा हा पूल बांधायला घेतला होता.

काँक्रीट ओतून झालं होतं, पक्कं झालं होतं. खालचे टेकू तेवढे काढायचे राहिले होते. आणि आता मंगळवारी सकाळी ब्रेकर येणार होता, पूल फोडायला.

त्याआधी एकदा कुणाला तरी दाखवून घ्यावं, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको, म्हणून विशाखा खरातला बोलावलं होतं. पडलेल्या टाक्या, खचलेल्या भिंती, वाकलेले जिने का पडले ते शोधणं हा तिचा धंदा. आयुष्यभर तिनं मेलेल्या बांधकामांची चिरफाड केली होती. उभ्या असलेल्या बांधकामाला लोक मेलेलं ठरवताना ती पहिल्यांदाच बघत होती, आणि स्कूटर स्टँडवर लावायच्या आतच तिचं डोकं तापलं होतं.

"मॅडम, उगीच उन्हात त्रास घेतलात," सुदर्शन मुळे पुढं होत म्हणाला. हा कारखानदारांचा सल्लागार. खांबांवर जाड तुळया टाकून नेहमीसारखा पूल बांधा, असं पहिल्यापासून सांगत आलेला. तशा पुलाचा नकाशाही त्याच्याकडं तयार होता. "अंड्याच्या टरफलावरून माणसं चालत नसतात."

"तुम्ही अंडं तळहातावर घेऊन मुठीत दाबलंय कधी? सगळ्या बाजूंनी सारखं?"

"नाही."

"दाबून बघा. पिवळं बाहेर आलं तर तुमचा शर्ट मी धुऊन देते."

बाजूला उभ्या असलेल्या दोघातिघांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. सुदर्शन हसला नाही.

विशाखा पुलाच्या माथ्यापर्यंत चढली. भेग बरोबर माथ्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी. नख आत जाईल एवढी. मग तिनं चक्क काँक्रीटवर पालथं पडून कडेवरून खाली डोकं घातलं. ओढणी नाल्याच्या बाजूला लोंबायला लागली. कडेची जाडी चार बोटं. त्या चार बोटांत भेग वरून उघडी होती, आणि खाली येता येता मिटून गेली होती.

ती उठली, कपडे झटकले, खाली आली.

"काय ठरलं मग?" सुदर्शननं विचारलं. "स्वतःच्या वजनानं गेला ना?"

"स्वतःच्या वजनानं माणूस खाली बसतो, साहेब, उडी मारत नाही. हा पूल खाली बसलेला नाही. याला कुणीतरी खालून वर ढकललंय."

२

टेकूंच्या जंगलात पुलाखाली सावली होती. तिथं तनुजा एका दगडावर बसली होती. शनिवारपासून ती झोपली नसावी. तिच्याशी कुणी भांडतही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

"आकार कसा काढलास ते सांग," विशाखा म्हणाली. "शाळेतल्या पोराला सांगतात तसं."

"गुलमंडीच्या बाजारातून मांजरपाट आणला, मॅडम. प्लास्टरच्या पाण्यात भिजवला आणि चार कोपऱ्यांना बांधून लटकवला. कापड आपल्या वजनानं जसं झोळ घेईल तसा घेऊ दिला. ते वाळून कडक झालं की उलटं केलं. मग तोच आकार संगणकावर चढवून महिनाभर तपासला."

"उलटं का?"

"लटकलेल्या कापडाला फक्त ताण कळतो. वाकणं त्याला ठाऊकच नसतं. तोच आकार उपडा केला की सगळा ताण दाब होतो. काँक्रीटला दाब कितीही द्या, ते हसत सोसतं. ताण दिला की फाटतं. म्हणून पातळ चाललं." तिनं बाहीनं डोळे पुसले. "स्वतःच्या वजनाखाली या पुलात ताण येऊच शकत नाही. मी हजारदा तपासलंय. मग ताण आला कुठून?"

"हाच प्रश्न आहे. एवढाच आहे. रडून झालं असेल तर ऊठ, हातोडी दे."

प्रत्येक टेकूच्या डोक्याशी लाकडी पाचरींची एक जोडी होती. पाचर आत ठोकली की टेकू वर उचलला जातो, बाहेर काढली की खाली येतो. विशाखा कडेपासून सुरुवात करून एकेक पाचर हातोडीनं वाजवत गेली. कडेच्या पाचरी बद्द वाजल्या. जसजशी ती मध्याकडं गेली तसा आवाज बदलला. माथ्याखालच्या पाचरी घंटेसारख्या खणखणल्या. त्यांची डोकी ताजी चेचलेली होती, लाकडाचे तंतू पांढरे दिसत होते.

"या इतक्या कुणी ठोकल्या?"

"कुणीच ठोकायच्या नव्हत्या! मी सक्त मनाई केली होती."

विशाखा खाली वाकली. माथ्याखालच्या टेकूंच्या बुडाशी, त्यांच्याखालच्या लाकडी पाटांच्या भोवती, नवी खडी ठासून भरली होती. बाकी सगळीकडं धूळ बसलेली, आणि इथली खडी मात्र निळसर, स्वच्छ.

"ही पण तू सांगितली नव्हतीस?"

तनुजानं मान हलवली. विशाखानं त्यातला एक खडा उचलून बोटानं पुसला. धूळ लागली नाही.

"आता मला खरंच कोडं पडलं," ती म्हणाली.

३

सेंट्रिंगचा मिस्त्री कडुबा चहाच्या टपरीवर सापडला. टेकू, त्यांच्यावरचा प्लायचा साचा, पाचरी सगळं त्याच्या हाताखालचं. पाचरी ठोकल्याचं कळलं की पहिला संशय त्याच्यावरच येणार होता, आणि त्याला ते माहीत होतं.

"पाचर लाकडाची असती, ताई. उन्हानं लाकूड सुकतं, पाचर ढिली पडती. स्लॅबखाली सकाळी सकाळी फिरून ठोकावीच लागती, नाय तर स्लॅब बसला समजा. पर ह्या तनुजाबाई म्हणल्या, काँक्रीट पक्कं झाल्यावर हात लावायचा नाय. मी म्हणलं, बाई, माझा बाप पण पाचरी ठोकायचा. तर म्हणल्या, बापाला माझा नमस्कार सांगा, पण हात लावायचा नाय."

"राग आला?"

"लई आला. पर नाय लावला. गुरुवारी संध्याकाळी वरची गोणपाटं काढली आन् तसाच कन्नडला गेलो, भाचीच्या लग्नाला. शुक्रवारी दिवसभर पंगतीत बुंदी वाढत व्हतो. कुणाला बी इचारा. मला लोक इसरतील, बुंदी नाय इसरायचे."

"गोणपाटं गुरुवारी काढली?"

"व्हय. तवर रोज पाणी मारून वली ठिवायचो."

विशाखानं चहा अर्धाच सोडला.

वस्तीतली आशाबाई पाळीवरून येऊन दारात लसूण सोलत होती. कारखान्यात पॅकिंगला, शुक्रवारी तिची सुट्टी. तिचं घर नाल्याच्या अगदी काठावर.

"ठोकल्याचा आवाज ना? आला की. शुक्रवारी, दुपारच्या पारी. कुत्रं बी भाईर पडंना असं ऊन, आन् पुलाखाली दणादणा चाललेलं. मी म्हणलं, कडुबाला आज झोप येईना वाटतं."

"कुणी दिसलं?"

"एवढ्या टेकूतून काय दिसतंय? एक गाडी व्हती उभी. पांढरी."

"कुणाची?"

"पांढरी तर समद्यांचीच असती, बाई. ज्याच्यापाशी चार पैसे झाले त्याची गाडी पांढरी." मग तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं. "म्या एक इचारू का? उद्या पूल फोडला, तर परत कवा बांधतील?"

विशाखा खोटं बोलली नाही. "बांधतील असं मला वाटत नाही."

"मलाबी नाय वाटत," आशाबाई म्हणाली आणि पुन्हा लसूण ओढला.

सुदर्शन मुळेची गाडी पांढरी होती. तो शुक्रवारी दुपारी तिथं आला होता हे त्यानं लपवलंही नाही.

"फोटो काढायला गेलो होतो. रस्त्यावरूनच काढले आणि निघालो. हा पूल जाणार याची मला खात्री होती. जाण्याआधीचा फोटो असावा म्हटलं."

"भेग पडल्यावर कडेवरून वाकून बघितलीत?"

"वाकायची गरज काय? भेग म्हणजे भेग."

"पाचरी तुम्ही ठोकल्यात?"

तो हसला. "मॅडम, पूल पाडायला मला हातोडी कशाला लागते? कारखानदारांच्या समितीत माझा शब्द पुरतो."

त्या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं विशाखाला वाटलं. पण तो खरं बोलत होता, आणि तेच जास्त संतापजनक होतं.

उरले नानासाहेब. पुलाचे ठेकेदार. पांढरी जीप, पांढरी टोपी, साठी उलटलेली, आणि शहरात कुठंही नाव काढा, लोक म्हणणार, नाना चांगला माणूस. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पंखा तिच्याकडं वळवला.

"पोरगी गुणाची आहे, मॅडम. मला लेकीसारखी. वाईट वाटतं. पण पातळच झाला हो पूल." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "आमच्या बाजूनं काही कसूर नाही. टेकू तसूभर खचलेले नाहीत. खालची जमीन रोलर फिरवून फिरवून दगडासारखी केली होती. माझ्या सेंट्रिंगवर आजवर एक स्लॅब बसलेला नाही."

"शुक्रवारी दुपारी आला होतात?"

"माझीच साइट. येणं-जाणं असतंच."

विशाखानं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि उठली. दारातून तिनं तनुजाला फोन लावला.

"उद्या ब्रेकर यायच्या आधी सगळ्यांना पुलापाशी जमव. कोण ते कळलं. आणि ऐक, तुझा पूल मेलेला नाही."

४

मंगळवारी सकाळी ब्रेकरवाला आधीच येऊन बसला होता, यंत्र गार, तोंडात तंबाखू. कारखानदारांच्या समितीची मंडळी सावली धरून उभी होती. पलीकडच्या काठावर वस्तीतल्या बाया, डबे हातात, कामावर निघता निघता थांबलेल्या.

"दहा मिनिटं घेते," विशाखा म्हणाली. "नंतर काय फोडायचं ते फोडा.

"स्वतःच्या वजनानं पूल खाली बसला असता, तर माथ्यावरची भेग खालून उघडली असती. ही वरून उघडी आहे, खाली मिटलेली. काठी गुडघ्यावर ठेवून मोडा, गुडघ्याच्या उलट्या बाजूला फाटते. पूल असाच मोडलाय. आणि गुडघा पुलाखालीच आहे. मधल्या पाचरी शुक्रवारी दुपारी घणाचे घाव घालून ठोकल्या आहेत.

"कुणी? कडुबाला राग होता, पण तो कन्नडला बुंदी वाढत होता, आणि पाचरी ठोकायची त्याची वेळ सकाळची. सुदर्शन मुळेंना पूल नको होता, हे ते स्वतःच सांगत फिरतात. पण ज्यानं पाचरी ठोकल्या, त्यानं आणखी एक काम केलं. टेकूंच्या बुडाला नवी खडी ठासली. मला सांगा, पूल पाडायला आलेला माणूस पुलाखालची जमीन पक्की करील का?"

समितीतल्या दोघांनी वाकून पुलाखाली बघितलं.

"तो पाडायला आलाच नव्हता. वाचवायला आला होता. त्याला वाटलं, टेकू खचले. सबंध चिकलठाणं पूल पातळ, पूल पातळ म्हणून ओरडतंय, आणि मी न विचारता टेकू खचले नाहीत असं फक्त एका माणसानं सांगितलं." ती वळली. "नानासाहेब, शुक्रवारी दुपारी तुम्ही काय बघितलंत?"

नानासाहेबांनी टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"फट बघितली," ते म्हणाले. "कडेला, माथ्यापाशी. प्लाय आन् काँक्रीटच्या मधी. पोस्टकार्ड जाईल येवढी. पलीकडचा उजेड दिसत व्हता." त्यांची शहरी भाषा गळून पडली होती. "म्हणलं टेकू बसले. सारा जन्म गेला, कधी बसले नव्हते, आन् ह्याच पुलाला बसले. मजूर झोपलेले. मीच घण उचलला. फट बुजंस्तोर ठोकलं, खडी भरली. शनिवारी बघतो तर भेग."

"आणि गप्प बसलात."

"समदे म्हणत व्हते पूल पातळ हाय. मी म्हणलं, असंल बी."

"असेल बी!" विशाखाचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. "लेकीसारखी म्हणता आणि तिच्या गळ्यात धोंडा बांधताना म्हणता, असेल बी. तुमचं नाव राहावं म्हणून हिचं गेलं तरी चालेल, हा तुमचा चांगुलपणा?"

तनुजा पुढं आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. तिथं काहीतरी वेगळंच उजळत चाललं होतं.

"नाना," ती म्हणाली, "गुरुवारी गोणपाटं काढली. शुक्रवारी पहिल्यांदा उघड्या काँक्रीटवर मे महिन्यातलं ऊन पडलं. काँक्रीट तापलं, फुगलं. कोपरे पक्के धरलेले, मग फुगून जाणार कुठं? माथा वर गेला. प्लायवरून उचलला गेला. ती फट..." तिनं माथ्याकडं बोट केलं. "नाना, टेकू खाली गेले नव्हते. पूल वर गेला होता. त्या दुपारी तो कुणाच्याही आधाराशिवाय उभा होता. तुम्ही माझा पूल उभा राहिलेला बघितलात!"

"आणि तुम्ही उंच गेलेल्या माथ्याखाली टेकू ठासले," विशाखानं पुरं केलं. "संध्याकाळी पूल थंड झाला, खाली यायला लागला. तुमचे टेकू त्याला येऊ देईनात. पाठ फाटली."

सुदर्शननं घसा साफ केला. "कथा छान आहे. पुरावा?"

"पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर देते. पण त्याआधी तुम्ही एक सांगा. वरून उघडी भेग म्हणजे काय, हे तुम्हाला समजत नाही, की समजत होतं म्हणूनच वाकून बघितलं नाही? दोन्हींतलं एक निवडा. सावकाश निवडा."

५

विशाखानं पर्समधून एसटीचं तिकीट काढलं आणि माथ्यावरच्या भेगेत उभं सोडलं. ते वाऱ्यानं फडफडलं.

"आता मधल्या पाचरी सोडायच्या. पूल स्वतःच्या वजनानं जाणारा असेल, तर तो खचेल आणि सुदर्शनराव जिंकतील. टेकू मी काढत नाहीये, फक्त बोटभर खाली घेतेय, म्हणजे गेला तरी बोटभरच जाईल. आणि माझं बरोबर असेल, तर भेग मिटेल."

"मिटंल?" समितीतला एक जण म्हणाला. "काँक्रीटची भेग कधी मिटती व्हय?"

"दाबाखाली मिटते. या पुलाला दाबाशिवाय दुसरं काही येतच नाही. म्हणून तर तो चार बोटांचा आहे."

कडुबा खाली उतरला. तनुजा त्याच्या शेजारी. विशाखा वर, तिकिटापाशी, गुडघ्यावर.

"मधल्यापासून," तनुजा म्हणाली. "मग दोन्हीकडं सारखं सारखं. घाई नको."

"बाई," कडुबा हातोडी तोलत म्हणाला, "बापाला तुमचा नमस्कार पोचला बरं का."

पहिली पाचर सुटली. पुलातून एक कुरकुर निघाली, जुनी खाट बोलावी तशी. पलीकडच्या काठावर कुणीतरी 'अगं आई' केलं. दुसरी सुटली. तिसरी. समितीची मंडळी नकळत मागं सरकली होती. ब्रेकरवाला तंबाखू थुंकून उभा राहिला.

विशाखानं तिकिटावरची नजर हलवली नाही. ते अजून फडफडत होतं. आणखी एक पाचर. तिकिटाची फडफड मंदावली. पुन्हा एक, आणि कागद थरथरून सरळ उभा राहिला.

तिनं ते चिमटीत धरून ओढलं. आलं नाही. जोरात ओढलं. टर्रकन फाटलं, आणि अर्धं भेगेतच राहिलं, दातांत धरल्यासारखं.

ती उठली. हातातला तुकडा तिनं वर धरला, आणि ज्या बाईनं आयुष्यात फक्त पडलेल्या गोष्टी बघितल्या होत्या, ती ओरडलीच.

"धरलंय! पुलानं धरलंय!"

खाली तनुजानं माथ्याखाली हात वर करून प्लाय चाचपला. टेकू बोटभर खाली आले होते, प्लाय त्यांच्याबरोबर आला होता, आणि वर पूल आपल्या जागी होता. मधे उजेडाची एक लांबलचक फट. तिनं नानासाहेबांना हाक मारली. ते वाकत वाकत आत गेले, त्या फटीकडं बघत राहिले, आणि मग भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, त्यांनी त्या पोरीपुढं हात जोडले.

"हात नको, नाना," ती म्हणाली. "शनिवारपासून जे बोलला नाहीत ते आता वर जाऊन मोठ्यानं बोला."

ते वर गेले आणि बोलले. चूक माझी, पूल निर्दोष. दोनदा बोलले, कारण पहिल्यांदा पलीकडच्या काठावर ऐकू गेलं नव्हतं आणि आशाबाईनं ओरडून सांगितलं, "वाइच मोठ्यानं, नाना!"

ब्रेकरवाला आपलं यंत्र घेऊन परत गेला. सुदर्शन मुळेनं दोन्हींतलं एक शेवटपर्यंत निवडलं नाही. समितीनं त्याच्या वतीनं निवडलं आणि नवा सल्लागार शोधला. भेगेत पातळ रसायन भरून ती सांधली, सगळे टेकू काढले. मग वाळूची पोती रचून पुलावर माणसांच्या गर्दीच्या दीडपट वजन टाकलं, आणि ती पोती वर असेस्तोवर तनुजा पुलाखाली डबा खात बसली. पूल जेवढा लवायचा तेवढाच लवला, पोती काढल्यावर परत वर आला.

उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावरून समितीत भांडण लागलं. ते अजून चालूच होतं, तेवढ्यात एका सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला वस्तीतल्या बाया डबे घेऊन काठावर आल्या. तनुजा आणि विशाखा तिथंच होत्या.

"चाचणी झाली ना?" आशाबाईनं विचारलं.

"झाली," तनुजा म्हणाली.

"पास?"

"पास."

"मंग वाट कुणाची बघायची?"

आणि ती निघाली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, मग सगळ्याच, एकमेकींना ढकलत, हसत, पदर सावरत. चार बोटांच्या काँक्रीटवर अख्खी वस्ती चढली. बरोबर माथ्यावर आशाबाई थांबली. मागच्या बायांची रांग तुंबली.

"काय झालं गं? चल की!"

आशाबाईनं डबा शेजारणीच्या हातात दिला, साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि दोन्ही पायांनी जीव खाऊन उडी मारली.

धप्प झालं. पूल हूं का चूं बोलला नाही.

"लई पातळ म्हणत व्हते मेले!" ती ओरडली, आणि पुन्हा एकदा उडी मारली.